डोंगरावरच्या होमस्टेचं जेवण : ‘जे सांगाल ते मिळेल’ ही पाटी आधी उतरवा



होमस्टे सुरू करायचाय म्हणून मला जे मेसेज येतात, त्यातले बहुतेक खोल्यांबद्दल असतात. रंग कुठला द्यायचा, गिझर लावायचा का, फोटो कसे काढायचे. मी उलट विचारते, “जेवणाचं काय ठरवलंय?” उत्तर ठरलेलं असतं : “ते काय ताई, घरचीच मंडळी करतील.”

आजचा धडा या एका वाक्यावर आहे. कारण डोंगरावरचा होमस्टे खोल्यांमुळे सहसा बंद पडत नाही, तो चुलीपाशी बंद पडतो. गावातल्या हॉटेलात जेवण आवडलं नाही तर पाहुणा समोरच्या हॉटेलात जातो. डोंगरावर समोर दरी असते. तिथे जेवण म्हणजे जोडधंदा नाही, अर्धा धंदा तोच.

एका रात्रीची गोष्ट

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आम्ही घरचे पाचजण कर्जतच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका घरी राहायला गेलो. मालक दादा, त्यांची बायको (मी वहिनीच म्हणते) आणि दादांची आई. तीन नव्या खोल्या, त्यावर कर्ज. पाटीवर लिहिलेलं : ‘घरगुती जेवण, जे सांगाल ते मिळेल.’

त्या दिवशी आमच्याशिवाय सात मित्रांचा एक ग्रुप होता. म्हणजे एकूण बारा माणसं. आम्ही पिठलं-भाकरी सांगितली. ग्रुपमधल्या चौघांना गावठी कोंबडी हवी, दोघांना पनीर, एकाला कांदा-लसूण नको. माझ्या मुलांनी फ्राईड राईस मागितला आणि दादा त्यालाही ‘हो’ म्हणाले. पनीर नव्हतं म्हणून दादा संध्याकाळी खाली बाजारात गेले. परत आले तर सॉस राहिलेला, पुन्हा गेले. गावठी कोंबडी चुलीवर शिजायला वेळ घेतेच. ताटं आली रात्री अकरा वाजता. मुलं तोवर बिस्किटं खाऊन झोपली होती.

मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा साडेबारा वाजले होते. वहिनी तेव्हा जेवायला बसल्या होत्या. ताटात भात आणि पातेल्याला लागलेलं वाटण. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, “खोल्या चालू दे हो ताई, चूल तेवढी बंद करायला सांगा यांना.”

सकाळी कोंबडीच्या पैशावरून ग्रुपशी वाद झाला. दर आधी सांगितलाच नव्हता. दादांनी आठशे रुपये सोडून दिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, एक जण जागेला चांगला भाव देतोय, बंगले बांधायचेत त्याला. देऊन टाकावी का?

मंडळी, मी शिरवण्याची. नवी मुंबई वसवताना १९७० च्या दशकात आमच्या भागातल्या गावांची भातशेती सरकारने संपादित केली. माझ्या सासूबाईंना अजून कुठल्या इमारतीखाली कुठलं शेत होतं ते सांगता येतं. आमच्याकडे निवड नव्हती. दादांकडे आहे. म्हणून मी त्यांना जागेबद्दल सल्ला दिला नाही. म्हटलं, आधी कालच्या रात्रीचा हिशोब करू.

हिशोब : साडेनऊ हजार की पावणेसहा?

दादांचा हिशोब सोपा होता. माणशी १,२०० रुपये, बारा माणसं, १४,४०० आले. बाजार ४,९०० चा. म्हणजे ९,५०० सुटले.

आता आपण करू. त्यातून सोडलेले ८०० वजा. रिक्षाच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी ३६०, म्हणजे ७२० वजा. गॅस आणि लाकूड ५०० धरू. आता मुख्य गोष्ट. वहिनी आदल्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी पाहुणे निघेपर्यंत मिळून चौदा तास राबल्या, आजी आठ तास. बावीस तास. तासाला ८० रुपये धरले, तर १,७६० रुपये.

उरले ५,७२०. त्यातून वीज, चादरींची धुलाई आणि खोल्यांच्या कर्जाचा हप्ता.

दादा म्हणाले, “घरच्या माणसाची कसली मजुरी?” मी म्हटलं, “वहिनी माहेरी गेल्या आणि त्या दिवशी बुकिंग आलं, तर बाई बोलावणार ना? तिला पैसे देणार ना? मग ते पैसे आजही खर्चच आहेत. फक्त आज ते वहिनी भरतायत.”

हे वाक्य लिहून ठेवा. घरच्या माणसाची मजुरी हिशोबात धरली नाही, तर धंदा फायद्यात दिसतो आणि घर थकत जातं. मग एक दिवस घर म्हणतं, बंद करा.

एका ताटाचं कॉस्टिंग

बीबीएला आम्हाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवला होता. मला तो खरा कळला दुकानाच्या गल्ल्यावर. तुम्हाला तो ताटावर दाखवते. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या बाजाराचे टाका.

एका माणसाचं रात्रीचं शाकाहारी ताट :

- तांदूळ १०० ग्रॅम : ६ रुपये
- भाकरीचं पीठ २०० ग्रॅम, साधारण तीन भाकऱ्या : १० रुपये
- डाळ ४० ग्रॅम : ६ रुपये
- भाजी १५० ग्रॅम : १२ रुपये
- पिठलं किंवा वालाची उसळ : ५ रुपये
- तेल : ६ रुपये
- कांदा, लसूण, खोबरं, मसाला : १२ रुपये
- पापड, लोणचं, ठेचा, कोशिंबीर : १० रुपये
- गुळाची खीर : १३ रुपये

झाले ८० रुपये. इथेच बरेच जण थांबतात आणि म्हणतात, ८० चं ताट १५० ला विकलं की जवळजवळ दुप्पट! थांबू नका. पुढचं लिहा, बारा माणसं धरून :

- बाजाराची एक फेरी ३६० रुपये : माणशी ३०
- नऊ तासांची मजुरी ७२० रुपये : माणशी ६०
- गॅस, लाकूड : १०
- वाया जाणारं, जादा लागणारं : ८
- साबण, पाणी, पत्रावळी : ७
- फुटतूट : ५

हे १२० रुपये. म्हणजे ताट पडलं २०० ला. १५० ला विकलं तर प्रत्येक ताटामागे ५० रुपये तुम्ही पाहुण्याला वाटताय.

आता तेच ताट चार माणसांसाठी करा. फेरी ३६० चीच, माणशी ९० झाली. काम नऊ तासांवरून सहावर येतं, तिसऱ्या हिश्शावर नाही, कारण चूल पेटवणं, वाटण, भांडी हे असतंच. मजुरी ४८०, माणशी १२०. बाकीचं तेवढंच. ताट पडलं ३२० ला.

म्हणजे दर ३०० ठेवला तर बारा माणसांत ताटामागे १०० सुटतात आणि चार माणसांत २० खिशातून जातात. जेवण तेच, हात तेच. म्हणून दोन नियम करा. एक, ताटाचा दर खोलीच्या दरापासून वेगळा लिहा, म्हणजे कुठे सुटतंय आणि कुठे जातंय ते दिसेल. दोन, सहापेक्षा कमी माणसं असतील तर वेगळा दर ठेवा, नाहीतर घरात जे शिजेल तेच पाहुण्याला वाढा आणि तसं आधी सांगा.

फेरीचा खर्च कमी करण्याचा उपाय म्हणजे कोठी. तांदूळ, डाळी, पीठ, वाल, गूळ, तेल, पापड हे महिन्याचं एकदम भरा. बाजारात फक्त भाजी आणि मटण-कोंबडीसाठी जायचं. माथेरानला बघा, दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, माल पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर आणि हातगाडीवर चढत आला. तिथला दुकानदार ‘एक लिंबू राहिलं’ म्हणून खाली येत नाही. डोंगरावर धंदा करायचा तर यादी पक्की हवी.

एक ताट, दोन पर्याय, आधी मोजणी

हे नवीन काही नाही. आपल्याच डोंगरांत चालत आलेलं आहे.

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याला उधेवाडी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन बघायला येणारे ट्रेकर तिथल्या घरांतून जेवतात. किती माणसं येणार ते आधी फोन करून सांगायचं आणि भाकरी, भाजी किंवा पिठलं, वरण-भात असं साधं ताट समोर येतं. मेन्यू कार्ड मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. त्याच्या पायथ्याच्या बारी गावात लोक रात्रीच चढायला येतात, म्हणून तिथे पहाटेच्या चहा-पोह्यांना मोल आहे. पाहुणा कधी भुकेला असतो ते ओळखणं, हाही मेन्यूच. आणि अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी. ग्रासरूट्स या संस्थेबरोबर तिथे गावाने मिळून पर्यटन उभं केलं. पाहुणे वेगवेगळ्या घरांत जेवतात, एकाच चुलीवर सगळा भार पडत नाही. काजव्यांच्या दिवसांत गर्दी वाढते तेव्हा ही वाटणी किती कामाची, ते चूल सांभाळणारीला विचारा.

तुमच्यासाठी पद्धत अशी :

बुकिंगच्या वेळी तीनच प्रश्न विचारा. माणसं किती, त्यात शाकाहारी किती, कुणाला काही चालत नाही का. शेंगदाणा, दूध, कांदा-लसूण जे असेल ते लिहून घ्या. निम्मा ॲडव्हान्स घ्या.

दोन दिवस आधी आकडा पक्का करा. शनिवारी पाहुणे असतील तर गुरुवारी रात्री. त्यानंतर माणूस वाढला तर ताट मिळेल, पण शाकाहारी. कमी झाला तर त्या ताटाचे पैसे परत नाहीत. हे मेसेजमध्ये लिहून पाठवा, तोंडी नको.

मेन्यू रात्रीला एकच ताट, त्यात दोन पर्याय. शाकाहारी किंवा कोंबडी. कोंबडी किलोवर असेल तर किलोचा दर आणि करणावळ दोन्ही लिहा. दादांचे आठशे रुपये या एका ओळीअभावी गेले.

वेळ जेवण आठ ते साडेनऊ. त्यानंतर चूल बंद.

“ताई, पाहुणा नाराज होईल ना?” एखादा होईल. पण अकरा वाजता आलेल्या पाच पदार्थांपेक्षा साडेआठला आलेलं गरम पिठलं लोकांना जास्त आठवतं. फ्राईड राईस त्यांना वाशीत मिळतो. तुमच्याकडे मिळणारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पावसातला टाकळा, करटोली त्यांना तिथे मिळत नाही. थंडीत पोपटी लावता येते, तिचा दर ताटापासून वेगळा ठेवा. रानभाजी मात्र जिला कळते तिनेच आणायची. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खवखवतो. प्रयोग आधी घरच्यांवर करा, पाहुण्यांवर नको.

भाकरी हा तुमचा अडथळा आहे

कुठल्याही कामात एक जागा अशी असते जिथे सगळं तुंबतं. होमस्टेच्या जेवणात ती म्हणजे भाकरी. हिशोब करा. बारा माणसं, माणशी तीन, छत्तीस भाकऱ्या. एका तव्यावर एक भाकरी तीन मिनिटं धरली तर १०८ मिनिटं. जवळजवळ दोन तास! दोन तवे केले तर ५४ मिनिटं.

म्हणून बारा माणसं असतील तर दोन तवे आणि सहा-सहाच्या दोन पंगती. पहिली आठ वाजता, त्यात मुलं आणि वयस्कर माणसं. दुसरी पावणेनऊला. तेवढ्यात दुसऱ्या पंगतीला शेकोटीजवळ चहा किंवा सार द्या, थांबल्यासारखं वाटत नाही. तिसरा तवा घेण्याआधी शेजारच्या घरातून तयार भाकऱ्या विकत घेता येतील का ते बघा. शेजारणीलाही चार पैसे मिळतात आणि तुमचा तवा मोकळा राहतो.

बसायची जागा

दरीच्या कडेला टेबल लावून फोटो छान येतो. पण उताराच्या घरात स्वयंपाकघर वर आणि जेवायची जागा वीस पायऱ्या खाली असेल, तर गरम वरणाचं पातेलं घेऊन त्या पायऱ्या रात्री कोण उतरणार? चहा दरीकडे द्या, जेवण पडवीत. चुलीपासून जितकं जवळ तितकं गरम आणि तितकं सुरक्षित.

- पावसाच्या बाजूला ताडपत्री किंवा बांबूचे तट्टे हवेत. डोंगरात पाऊस सरळ पडत नाही.
- जेवणाच्या बरोबर वर दिवा नको, किडे ताटात पडतात. पिवळा दिवा थोडा लांब लावा.
- पाटावर बसवणं छान, पण गुडघेदुखीवाल्यांसाठी एक बाकडं-टेबल ठेवाच. माझ्या सासूबाईंना त्या रात्री पायरीवर बसून जेवावं लागलं.
- हात धुवायची जागा, साबण आणि तिथे उजेड.
- वीज जाणार हे धरूनच चला. चार्जिंगचे दोन दिवे चुलीपाशी, दोन पंगतीत.
- माकडं असतील तर खरकटं झाकणाच्या डब्यात.

सुरक्षितता आणि कागद

डोंगरावर दवाखाना लांब असतो, म्हणून इथे सवलत नाही.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसंच बाहेर ठेवू नका. गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफ येत राहिली पाहिजे. भाताबद्दल लोक निर्धास्त असतात, पण उबदार जागी रात्रभर राहिलेल्या भातात जंतू विष तयार करतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी पाहुण्यांना फोडणीचा भात नको. पिण्याचं पाणी झऱ्याचं असो की टाकीचं, उकळून किंवा फिल्टर करूनच द्या.

पैसे घेऊन जेवण देताय म्हणजे अन्न सुरक्षा कायदा, २००६ तुम्हाला लागू आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी फक्त नोंदणी असते. २०११ च्या नियमांत ती वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला आणि वर्षाला १०० रुपये शुल्कात होती. अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर होतो, आजची मर्यादा आणि शुल्क तिथेच बघा. गॅसबद्दलही एजन्सीत विचारून घ्या. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, व्यवसायाचा १९ किलोचा, आणि घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो.

अजून एक. चूल जिची, कागद तिच्या नावाने करता येतील का ते बघा. महिला पर्यटन उद्योजकांसाठी राज्याचं ‘आई’ धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची सोय आहे. अटी पर्यटन संचालनालयाकडे विचारा. शेतकरी असाल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरणही वाचा.

पुढे काय झालं?

त्या दिवशी आम्ही पाटी बदलली. आता लिहिलंय : ‘घरचं ताट. आठ ते साडेनऊ. आधी सांगावे.’ पहिल्या महिन्यात तीन बुकिंग गेली. दादांनी मला दोनदा फोन करून विचारलं, पुन्हा सगळं सुरू करू का. मी म्हटलं, अजून एक महिना. आता ताटाचा हिशोब वेगळ्या वहीत असतो आणि दर सोमवारी मजुरीचे पैसे वहिनींच्या आणि आजींच्या हातात जातात. पहिल्या सोमवारी वहिनींनी ते पैसे मोजून परत डब्यातच ठेवले होते. दुसऱ्या सोमवारपासून नाही ठेवले.

वहीत वहिनींनी स्वतः एक नियम घातलाय, तो तुम्हीही घाला : पहिली पंगत बसायच्या आधी रांधणाऱ्यांची दोन ताटं झाकून बाजूला काढायची.

जागेचं? दलालाला सांगितलंय, पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. विकतील की नाही मला ठाऊक नाही, तो त्यांचा निर्णय. पण आता तो थकव्यापोटी होणार नाही, वही बघून होईल. मला एवढंच हवं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका ताटाचं कॉस्टिंग बारा, सहा आणि चार माणसांसाठी काढा. मजुरी धरूनच.
२. घरात एका रात्री बारा माणसांना जेवायला बोलवा, नातेवाईक चालतील. घड्याळ लावा. कुठे तुंबलं ते लिहा.
३. तुमच्या चुलीपाशी जी असेल तिला विचारा, “महिन्यात किती रात्री जमेल?” ती जो आकडा सांगेल, तेवढीच बुकिंग घ्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय आलं ते मला नक्की लिहा. पुढच्या भागात खोलीचा दर कसा ठरवायचा ते बघू.

भेटूया!